आजी अकरा मोजायची

वडिलांना कुणी विचारलं, "तुम्ही किती भावंडं?" तर ते सांगतात, सात. आजीला विचारलं की ती अकरा म्हणायची. "अकरा झाली. सात हायती." गोवरानं गेलेला तीन वर्षांचा मुलगा तिच्या हिशेबात होता. बारसं व्हायच्या आत गेलेल्या दोन मुली होत्या. आणि एक सातव्या महिन्यातलं, भातलावणीच्या दिवसांत, खाचरातून घरापर्यंत येईतो संपलेलं. त्याला नाव नव्हतं, पण मोजताना आजीनं त्याला कधी वगळलं नाही.

पाटणच्या डोंगरपट्ट्यातलं आमचं घर. आजीचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पहिलं बाळंतपण सोळाव्या, शेवटचं चाळिशीला टेकल्यावर. ते शेंडेफळ आणि थोरल्या सुनेचं पहिलं मूल एकाच पावसाळ्यात जन्मलं. एका खोलीत दोन बाजा, दोन शेगड्या, अळिवाची खीर एकाच पातेल्यात. त्या काळात अशा सासवा-सुना गावोगाव होत्या, तरी आजीला त्याची लाज वाटली ती शेवटपर्यंत. सोळा ते चाळीस या वर्षांत पोटात किंवा पदराखाली लेकरू नाही, असं एखादं वर्ष गेलं असेल तर ते तिला आठवत नव्हतं.

आजीचा हा हिशेब पुन्हा मांडावासा वाटला, कारण आपल्याकडे पुन्हा 'जास्त मुलं होऊ द्या' असं सांगितलं जाऊ लागलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी तसं आवाहन केलं. त्याच महिन्यात तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी एका सामूहिक विवाहसोहळ्यात सोळा प्रकारच्या संपत्तीच्या जुन्या आशीर्वादाची आठवण काढून सोळा मुलांचा विषय काढला. १ डिसेंबर २०२४ ला नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले की जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, २.१ च्या खाली गेला की समाज संपतो, म्हणून दोनांहून जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत त्यांनी तीन मुलांचं पुन्हा सांगितलं. आंध्रातल्या एका खासदारांनी तर तिसरी मुलगी झाली तर पन्नास हजार रुपये आणि मुलगा झाला तर गाय देण्याचं जाहीर केलं.

यामागची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा जननदर ३.४ होता, २०१९-२१ च्या पाहणीत तो २.० वर आला. महाराष्ट्राचा १.७ आहे. म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे, कमावते हात पुढे कमी होतील, आणि मतदारसंघांची फेररचना लोकसंख्येवर झाली तर लहान कुटुंबं स्वीकारलेल्या दक्षिणेच्या राज्यांना लोकसभेत फटका बसेल, ही भीती खरी आहे. पण या साऱ्या बोलण्यात समाज येतो, प्रांत येतो, जागांची गणितं येतात. ते तिसरं मूल जिच्या अंगावर वाढणार तिचा दिवस मात्र येत नाही. मुलं किती, हे जिच्या शरीरातून आणि वेळेतून ती वाढतात तिनं ठरवायचं, आणि ज्यांना जास्त मुलं हवी आहेत त्यांनी आधी तिच्या घरात हात वाढवावेत, असं माझं म्हणणं आहे.

मोठ्या कुटुंबाची आठवण काढताना आपण पंगत आठवतो, सुट्टीतला दंगा आठवतो. त्या घरात काम कसं वाटलेलं होतं ते बघू. आमच्याकडे दोन्ही वेळेला पंधरा-सोळा माणसं जेवायची. सकाळच्या भाकऱ्या थापायला दोघी लागायच्या, एक थापणारी, एक भाजणारी. पाणी झऱ्यावरून, डोक्यावर दोन हंडे आणि कमरेला कळशी. तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालायचं पणजीनं. चुलीची मालकी थोरल्या जावेची. शेतातलं आणि गोठ्यातलं आजीचं. आणि मुलं? मुलं आक्काची.

आक्का म्हणजे माझी थोरली आत्या, आजीचं दुसरं अपत्य. ती चौथीत असताना तिची शाळा सुटली. घरात बसून कुणी तसं ठरवलं नव्हतं. पाठचा भाऊ अंगावर पीत होता, आजी लावणीला जायची, म्हणून बांधावर झोळीपाशी बसायला आक्का आधी आठ दिवस राहिली. मग महिना. दिवाळीनंतर शाळेत गेली तर गुरुजींनी हजेरीतून नाव काढलेलं होतं. त्यानंतरच्या भावंडांचं शी-शू, भरवणं, रात्री थोपटणं, खरूज झाली की कडुलिंबाच्या पाण्यानं धुणं, सगळं तिनं केलं. सतत एकाच कडेवर पोर घेऊन तिचं अंग एका बाजूला कललं, ते आज पंचाहत्तरीतही तसंच आहे. तिला स्वतःची दोन मुलं. पण किती वाढवलीस असं विचारलं की ती सांगते, "सात. पाच आईची, दोन माझी."

भरल्या घरातल्या आईपणाचा हा भाग कुणी मोठ्यानं बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या लेकरानंतर ते एकटीला पेलत नाही आणि घरातल्या थोरल्या मुलीकडे सरकतं. आई हळूहळू कारभारीण होत जाते. कुणाला ताप आहे, कुणाचं पोट गेलंय, कुणाच्या वाट्याला दूध आलं नाही, एवढं तिच्या डोक्यात असतं. पण एकेकाला मांडीवर घेऊन बसायला तिला सवड नसते. याची बोच तिला नसते असं नाही. आजी म्हातारपणी कितीदा तरी म्हणायची, "आक्कीची शाळा मी खाल्ली." तिनं मुद्दाम काही केलं नव्हतं, तरी दोष तिनं स्वतःच्याच पदरात घेतला होता. आजोबांना असं म्हणताना मी कधी ऐकलं नाही.

आपल्याकडे बायकांनी हे ओझं पूर्वीच ओळखलं होतं. नामदेवांच्या भरल्या घरात राबणाऱ्या जनाबाईची गोष्ट घराघरात सांगितली जाते. तिचा देव तिला मोक्ष द्यायला येत नाही. तो जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसतो, खुंट्याला हात लावतो, धुणं धुतो, शेण्या वेचतो. माणसांनी गजबजलेल्या घरात एकटी पडलेल्या बाईला देवाकडून काय हवं होतं, ते त्यात आहे. तिला सोबतीचा एक हात हवा होता. शेकडो वर्षं आपण ही गोष्ट भक्तीची म्हणून ऐकतो. ती कामाचीही आहे, असं मला वाटतं.

आता गॅस आहे, मिक्सर आहे, नळाला पाणी आहे, मग अडचण काय, असं विचारणारे भेटतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत याचं उत्तर आहे. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८. घरातल्यांची शुश्रूषा आणि सांभाळ यात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका गुंतलेल्या, रोज सुमारे १४० मिनिटं. पुरुष २१ टक्क्यांच्या आसपास आणि तेही ७४ मिनिटं. यंत्रानं पीठ दळलं, पाणी चढवलं. पण तापलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवणं, गृहपाठाला बसवणं, 'मला भूक नाही' म्हणणाऱ्याला चार घास घालणं यांना यंत्र नाही. शिवाय ज्या घरात हे सगळं वाटलं जायचं ते घरच उरलेलं नाही. पणजी नाही, जाऊ दुसऱ्या शहरात आहे. आणि आक्का शाळेत आहे. तिनं शाळेतच राहायला हवं, त्याबद्दल तडजोड नाही. म्हणजे तिसरं मूल आलं तर ते पडणार एकीच्याच अंगावर.

हे बोलणारी मी पहिली नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि पुढे आयुष्यभर त्यापायी निंदा सोसली. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत डॉ. आंबेडकरांच्या पक्षानं संततिनियमनाच्या सोयींचा प्रस्ताव आणला. आंबेडकरांचं भाषण त्यांच्याच पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी सभागृहापुढे मांडलं. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मुलाला त्यांच्यातला एकही तयार झाला नसता, असा त्यातला युक्तिवाद होता. प्रस्ताव फेटाळला गेला. आजीची सगळी बाळंतपणं त्यानंतरची आहेत. त्या सभागृहातला निकाल वेगळा लागला असता तर पाटणच्या डोंगरात काही पोचलं असतं का, हे मला सांगता येत नाही. पण बाईच्या कळांचा विचार विधानसभेच्या टेबलावर एकदा आला होता आणि बहुमतानं बाजूला सारला गेला, हे आठवणीत ठेवावं असं आहे.

पुढे सरकारनं कुटुंबनियोजन हाती घेतलं ते मात्र आकड्यांच्या अंगानं. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण आला. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यात बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्रानं तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूरही केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते अंमलात आलं नाही. सक्तीविरुद्ध लोक उसळले, सरकारं पडली, आणि पुरुषाला हात लावायचा नाही हा धडा यंत्रणेनं घेतला. त्यानंतर भार बायकांवर आला. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका 'कॅम्प' हा शब्द वेगळ्याच आवाजात उच्चारतात. शाळेच्या वर्गात सतरंजीवर ओळीनं निजवलेल्या, टाक्याचं की बिनटाक्याचं एवढाच प्रश्न, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपुढे. आजही राज्यातल्या विवाहित बायकांपैकी निम्म्याच्या आसपास बायकांनी ऑपरेशन करून घेतलेलं आहे. पुरुषांचं प्रमाण शंभरात एकही भरत नाही. पाळणा हलवायचा तिनं आणि थांबवायचाही तिनंच.

थांबला नाही तर शिक्षाही तिलाच. सप्टेंबर २००१ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत दोनांहून जास्त अपत्यं असलेल्यांना निवडून येता येत नाही, आणि पदावर असताना तिसरं झालं तर पद जातं. सरकारी नोकरीला २००५ मध्ये तशीच अट लागली. हरियाणातली अशी अट सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये वैध ठरवली. तिसरं मूल दत्तक दिलं तरी सुटका नाही, हेही २०१८ मध्ये न्यायालयाकडून स्पष्ट झालं. कागदावर नियम स्त्री-पुरुषांना सारखा आहे. पण आपण घरं ओळखतो. दोन मुली झालेल्या सरपंचबाईला 'एकदा बघ' असं सासूनं म्हटल्यावर ती कितीदा नाही म्हणू शकते? म्हणाली तर घर जातं, ऐकलं तर खुर्ची. ग्रामसभेत जेमतेम बोलायला लागलेली बाई अशा वेळी मूल हातात घेऊन घरी परतते. आंध्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ही अट रद्द केली, पण कारण लोकसंख्या कमी पडते आहे असं दिलं. बाईवर अन्याय होतो म्हणून ती कुणी काढली नाही.

'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादाकडेही एकदा नीट बघायला हवं. आठ पुत्र. त्या आठांपर्यंत पोचताना मध्ये किती मुली जन्मतील आणि त्यांचं काय होईल, याची नोंद आशीर्वादात नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात ती नोंद शाळेच्या हजेरीपटावर होती. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की तिचं नाव नकुशी ठेवायचं. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेनं अडीचशेहून अधिक नकुशींची नावं एका कार्यक्रमात समारंभपूर्वक बदलली. ज्या घरात चौथी-पाचवी नकुशी असते तिथली आई दर बाळंतपणाला पुन्हा परीक्षेला बसवलेली असते. पुढे गर्भातलं मूल मुलगा की मुलगी हे दाखवणारं सोनोग्राफीचं यंत्र आलं, तेव्हा बाळंतपणांची संख्या घटली आणि मुली जन्माआधीच गळू लागल्या. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. मोठ्या कुटुंबात मुलाची वाट बघताना बाईचं शरीर झिजलं, लहान कुटुंबात तीच वाट बघताना तिच्यावर गर्भपात लादले गेले. म्हणून कुटुंब लहान असावं की मोठं, एवढ्यावरच वाद घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. दोन्हीकडे ठरवणारं माणूस वेगळं आणि सोसणारं वेगळं आहे.

मोठ्या घराचं सुख मला ठाऊक नाही असं मात्र कुणी समजू नये. वडिलांचं बायपास झालं तेव्हा सात भावंडांनी पाळ्या लावल्या. रात्रीला कोण, डब्याला कोण, रक्ताला कोण, हे मला किंवा माझ्या भावाला विचारावंही लागलं नाही. आक्का रोज एसटीनं यायची, बिछान्याच्या कडेला बसून भावाच्या तळपायाला तेल लावायची, आणि वडील तेवढा वेळ लहान होऊन पडून राहायचे. एकुलती एक असलेली माझी मैत्रीण तिच्या आईच्या शेवटच्या आजारात जिन्यात बसून रडली, कारण सही कुठं करायची हे विचारायलाही तिला दुसरं कुणी नव्हतं. ज्या बाईला चार मुलं हवीशी वाटतात तिची हौस मला कळते. तिला मागास म्हणणारे, 'शिकलेली असून?' असं विचारणारे मला आवडत नाहीत. माझ्या आजीलाही लेकरं नकोशी नव्हती. तिला विश्रांती हवी होती, मध्ये तीन वर्षांचं अंतर हवं होतं, आणि आक्काची शाळा सुटायला नको होती.

मग आज तिसऱ्या मुलाचं आवाहन होतं तेव्हा त्या आईसाठी व्यवस्था काय आहे? २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली, ती पहिल्या दोन मुलांसाठी. तिसऱ्याला बारा. तिसऱ्या बाळाची आई लवकर भरून येते असं तर कुठलंही वैद्यकशास्त्र सांगत नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला पाच हजार, दुसरी मुलगी असेल तर सहा हजार, पुढे काही नाही. आणि हे ज्यांच्या नोकरीला कागद आहे किंवा ज्यांचं खातं आहे त्यांच्यापुरतं. ऊसतोडीला जाणारी, घरकाम करणारी, भाजी विकणारी बाई बाळंत झाल्यावर रजा कुणाकडे मागणार? अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलाला काही तास सांभाळते. त्याआधीच्या बाळाला पाळणाघर हवं, ते खेड्यात बहुतेक ठिकाणी नाहीच आणि शहरात परवडत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतल्या एका शिक्षिकेला दुसऱ्या लग्नातल्या मुलासाठी नाकारलेली रजा मिळवून दिली आणि प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजननहक्काचा भाग असल्याचं सांगितलं. तिला तेवढ्यासाठी देशाच्या सर्वोच्च दारापर्यंत जावं लागलं.

पैसे वाटूनही काम भागत नाही. दक्षिण कोरियानं वर्षानुवर्षं अनुदानं दिली, तरी २०२३ मध्ये तिथला जननदर ०.७२ वर उतरला. दिवसभर कचेरी आणि रात्री सगळं घर एकटीनं ओढायचं असेल, तर अनुदान घेऊनही बाई नाहीच म्हणते. गाय देऊ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं की त्या गायीचं शेण कोण काढणार, धार कोण काढणार.

माझ्या चुलत बहिणीची मुलगी पुण्यात नोकरी करते. दोन मुलांवर तिसरं तिला हवं होतं, तिनं आणि नवऱ्यानं विचार करून होऊ दिलं. सातव्या महिन्यात सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये हळूच विचारायच्या, "चुकून राहिलं का?" सासरचे एक वयस्कर नातेवाईक मुद्दाम घरी येऊन, तू समाजाचं काम केलंस म्हणून पाठ थोपटून गेले. बाळ आता पाच महिन्यांचं आहे, थोरली सहावीत. मी भेटायला गेले तेव्हा थोरली गणिताचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून पायानं पाळणा हलवत होती. मला एकदम बांधावरची झोळी दिसली. आईच्याही ते लक्षात आलं असावं. तिनं मुलीला उठवून आतल्या खोलीत पाठवलं, दार लावून घे म्हणाली, आणि पाळण्याची दोरी स्वतःकडे घेतली.

"मावशी," ती म्हणाली, "कुणी हसू नये आणि कुणी पाठही थोपटू नये. संध्याकाळी चार ते आठ मला घरात एक माणूस पाहिजे."

गुरुवारी मी जाते. नवऱ्यानं शनिवार-रविवार घेतले आहेत. बाकीच्या चार संध्याकाळी अजून लागलेल्या नाहीत.